लाट ओसरली, वॉर्ड रिकामा झाला, मग आता मला काय होतंय?

रात्रपाळी
२९ जुलै २०२१, रात्री २:४७

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. मी स्टाफ नर्स आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी सरकारी दवाखान्यात, कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर. दवाखान्याचं नाव कृपया विचारू नका.

गेल्या वर्षी एप्रिलपासून कोविड वॉर्डातच आहे. मधे डिसेंबर-जानेवारीत जरा बरं होतं, आम्ही स्टाफरूममधे हळदीकुंकू पण केलं, आणि मार्चपासून परत जे सुरू झालं ते तुम्हाला माहितीच आहे. ३६ बेड, रात्रीला आम्ही दोन सिस्टर, एक ब्रदर (पुरुष नर्स) आणि एक मामा (वॉर्डबॉय). जम्बो सिलिंडर बदलायचा तर मामा कुठेतरी बॉडीबरोबर खाली गेलेला, मग आपणच पाना घेऊन. २१ एप्रिलला नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन २२ माणसं गेली त्या रात्री आमच्याकडे कोणी काही बोललं नाही पण दर पाच मिनिटाला कोणीतरी उठून गेज बघून येत होतं.

सांगायचा मुद्दा हा की तेव्हा मी ठणठणीत होते. खरंच. रडले नाही, सुट्टी मागितली नाही, पीपीई किट काढलं की आंघोळ, दोन पोळ्या खाऊन मेल्यासारखी झोप. सगळे म्हणायचे तू काय बाई स्ट्राँग आहेस. आता जूनपासून पेशंट नाहीत, काल वॉर्डात चार होते, बारा तासांची ड्युटी परत आठवर आली, आणि हे आत्ता सुरू झालंय. रोज अडीचला जाग येते, गजर लावल्यासारखी, आणि मग सहापर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. जेवण जात नाही (चव आहे, ते कोविडवालं नाही, नुसतं नको वाटतं). मुलगा सहा वर्षांचा आहे, चित्र काढून दाखवायला आणतो तर मी म्हणते ठेव तिथे, आणि ते खरंच तिथेच राहतं, फ्रिजवर सात-आठ साठलेत. परवा एक आजोबा गेले वॉर्डात, पॅरालिसिसचे होते, कोविडचे नाही. मी फॉर्म भरला, नातेवाइकांना सांगितलं, आणि पोहे खाल्ले. पोहे खाताना वाटलं आपल्याला काहीच कसं वाटलं नाही.

आणि एक सांगते, हसू नका. सासूबाईंना केसांना मेंदी लावायची होती म्हणून ग्लोव्ह्ज मागितले, दिले मी. लावून झाल्यावर थोडी मेंदी उरली तर त्यांनी ती ग्लोव्हमधेच भरली, वरून गाठ मारली आणि ओट्यावर ठेवली, उद्या भुवईजवळ लावते म्हणाल्या. ती गाठ बघून माझे हातपाय गार पडले, मी बाथरूममधे जाऊन नळ सोडून बसले अर्धा तास. कारण वॉर्डात पेशंट गेला की अंगावरचं काढून आम्ही ग्लोव्हमधेच ठेवायचो, मंगळसूत्र, जोडवी, अंगठी, काय असेल ते. दुसरं काही हाताशी नसायचं. वर गाठ, मार्करने बेड नंबर, मग रजिस्टरला नोंद. एप्रिलमधे एका रात्री मी तशा पाच गाठी मारल्यात. एक गाठ न्यायला नऊ दिवस कोणी आलंच नाही, त्यांच्या घरचे सगळेच ॲडमिट होते कुठे कुठे. ड्रॉवरमधे होती. प्रत्येक हँडओव्हरला मोजायचो, "गाठ एक, बरोबर".

तर विचारायचं हे आहे की याला बर्नआउट म्हणतात का डिप्रेशन, आणि आपोआप जातं का? मानसोपचारवाले डॉक्टर आमच्याच दवाखान्यात बसतात, केसपेपरच्या खिडकीवरची मुलगी माझ्याबरोबर डबा खाते. ऑर्डर सप्टेंबरमधे संपतेय, डोक्याचं काही कागदावर आलं तर रिन्यू होईल का ही भीती. मरावंसं वगैरे वाटत नाही. पण सकाळ होऊ नये असं वाटतं, एवढंच.

---

भूलबाबा
२९ जुलै, सकाळी ९:१२

सिस्टर, भूलशास्त्राचा रेसिडेंट आहे, मुंबईत. तुम्ही लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला कारण माझं अगदी असंच झालं होतं, फक्त पहिल्या लाटेनंतर, गेल्या ऑक्टोबरमधे. मे-जूनमधे रात्रीत आठ-आठ इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) केली तेव्हा हात थरथरला नाही, आणि ऑक्टोबरमधे साध्या हर्नियाच्या पेशंटला भूल देताना मॉनिटरचा आवाज ऐकून मला दरदरून घाम फुटला. सिनियरला वाटलं मला शुगर आहे.

मी स्वतः दोन महिने थायरॉइड, व्हिटॅमिन डी, मग चष्म्याचा नंबर असं सगळं तपासत बसलो. आपल्या लोकांची खोड आहे ती, डोकं सोडून सगळ्याची तपासणी करायची. लाट चालू असताना पुढचा बेड, पुढचा कॉल एवढंच असतं, विचार करायला जागाच नसते. ती जागा मिळाली की मग सगळं येतं. मला वाटायचं मी उशिरा मोडलो म्हणजे मीच कच्चा, बाकीचे बघा कसे मस्त आहेत. नंतर कळलं आमच्या बॅचच्या नऊपैकी चौघं गोळ्या घेतायत आणि एकमेकांपासून लपवतायत, एकाच हॉस्टेलात.

अजून एक. मला थकव्याने एवढं नाही खाल्लं. एका रात्री एचएफएनसी (जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारं मशीन) एकच मोकळं होतं आणि कॉल दोन आले, एक बाई तिशीतली आणि एक काका साठीचे. निर्णय काय झाला असेल ते तुम्हाला कळलंच असेल आणि वैद्यकीयदृष्ट्या तो बरोबर होता, सगळ्यांनी सांगितलं बरोबर होता. काकांनी मला विचारलं होतं "डॉक्टर, माझा नंबर कधी?" याला मॉरल इन्ज्युरी म्हणतात म्हणे, व्हिएतनाम युद्धातून आलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्यांनी काढलेला शब्द आहे, आपल्या मनाला न पटणारं आपल्याच हातून करावं लागलं किंवा उघड्या डोळ्यांनी बघावं लागलं की जी जखम होते ती. त्याला झोप काढून उपयोग होत नाही. मला ते कुणाला तरी मोठ्याने सांगावं लागलं, काकांच्या प्रश्नासकट.

मी गोळी घेतो, लाजत नाही. पहिला आठवडा मळमळ आणि वैताग, वाटलं बंद करावी, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस कँटीनचा वडा चांगला लागला तेव्हा कळलं की काहीतरी हललंय. आणि ड्युटीचं म्हणाल तर ती अजून तशीच, एप्रिलची नीट पीजी (पीजीची प्रवेश परीक्षा) सप्टेंबरवर गेली म्हणजे नवीन फर्स्ट इयर नाहीत, तीन बॅचचं काम दोन बॅच ओढतायत. तेव्हा गोळीने रोस्टर सुधारत नाही हेही सांगून ठेवतो.

---

सुहास_सकारात्मक
२९ जुलै, सकाळी ११:०५

ताई सर्वप्रथम तुम्हाला सलाम!! तुम्ही खऱ्या कोविड योद्धा आहात. असे नकारात्मक विचार मनात आणू नका, मन हे कोऱ्या पाटीसारखे असते. रोज पहाटे लवकर उठून प्राणायाम व ओंकार करा, बातम्या बघू नका, रात्री झोपताना दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा. एवढ्या रुग्णांची सेवा केलीत त्यांचे आशीर्वाद तुमच्या पाठीशी आहेत. तुम्ही स्ट्राँग आहात आणि स्ट्राँगच राहाल 🙏🙏

---

मीठभाकर
२९ जुलै, दुपारी १:३८

सुहासदादा राग मानू नका पण ती ताई अडीचलाच उठून बसलीय, अजून किती पहाटे उठवता तिला.

रात्रपाळी ताई, मी आशा सेविका हाय, बारा वर्षं झाली. गावचं नाव नको. तुमचं वॉर्डातलं वाचलं, आमचं गल्लीतलं सांगते. गेल्या मार्चात बावीस तारखेला थाळ्या वाजवल्या लोकांनी, मी बी वाजवली. आन मग मे महिन्यात पुण्या-मुंबईहून लोक परत आले, मी यादी करायला गेले तर त्याच घरानं दार लावून घेतलं, म्हणले तू यादी दिली की नेतेत उचलून. सप्टेंबरात माझे कुटुंब माझी जबाबदारी आलं, ती ताप मोजायची गन आन ऑक्सिमीटर घेऊन घरोघर, दिवसाला पन्नास घरं, मास्क आमचा आमीच शिवलेला.

आन या एप्रिलात एका घरी ऑक्सिमीटर लावला तर ८४ आलं. माणूस धडधाकट बसलेला, चहा घेत होता, म्हणला मशीन खराब हाय. मीच भांडून भांडून ॲम्ब्युलन्स बोलावली, मीच बसवलं त्याला. तो परत आलाच नाही. त्याची बायको मला रोज गिरणीवर दिसते, एक शब्द बोलत नाही, पिठाचा डबा उचलून दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहते. सासू म्हणते "हिनंच नेलं त्याला". मला माहितीय मी बरोबर केलं. डॉक्टरांनी बी सांगितलं, अजून आधी यायला पाहिजे होता. तरी मी आता दळण रात्री आठला नेते, गिरणी बंद व्हायच्या टायमाला.

गंमत बघा, आमच्याकडं शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प हाय, त्यात आम्ही आशाच घरोघर जाऊन विचारतो की झोप उडालीय का, उदास वाटतं का, जगण्यातला रस गेलाय का. माझं सगळं पाठ हाय. मी एका रात्री तेच प्रश्न मला विचारले तर सगळ्याला हो. मग तो फॉर्म कुणाकडं द्यायचा?

मला काय कामाला आलं सांगते, खोटं नाही सांगत. जूनात आमचा संप झाला ना, १५ तारखेपासून, राज्यभर. तालुक्याला मांडव टाकून बसलो सगळ्याजणी. तिथं दुपारी भाकरी खाताना एकीनं सुरुवात केली, मग दुसरी, मग असं कळलं की गिरणीवाली बाई प्रत्येकीच्या गावात हाय, कुणाची हापशावर भेटते, कुणाची दुकानात. रडलो, शिव्या दिल्या, गाणी म्हणली. मला त्या आठवड्यात पहिल्यांदा झोप लागली. पैसे वाढले दीडच हजार, हजार मानधन आन पाचशे कोविडचे, त्यावर जास्त बोलत नाही. पण आता दर गुरुवारी लसीचं सत्र झालं की आम्ही चौघी उपकेंद्राच्या पायरीवर अर्धा तास बसतो, रिपोर्ट भरत नाही, नुसतं बसतो.

तुमची ती नऊ दिवसाची गाठ शेवटी कुणी नेली?

---

ओपीडी_क्रमांक_१४
२९ जुलै, रात्री ९:५०

रात्रपाळी, मी मानसशास्त्रज्ञ आहे, दुसऱ्या एका जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करते. इथे बसून निदान करता येत नाही आणि करणारही नाही, पण तुम्ही विचारलंय म्हणून माझं मत सांगते, जरा लांबेल.

बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे आयसीडी-११ या आजारांच्या यादीत जागा दिली पण आजार म्हणून नाही दिली, कामाच्या जागेमुळे होणारी अवस्था म्हणून दिली. त्यात तीन गोष्टी बघतात: पार रिकामं झाल्यासारखा थकवा, कामाबद्दल आणि माणसांबद्दल मन कोरडं पडणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पोहे खाताना काही वाटलं नाही, ते कोरडेपण यातलं. त्यावरून स्वतःला निर्दयी ठरवू नका, एका रात्रीत पाच जणांचे दागिने काढणाऱ्या माणसाचं मन कातडी जाड करून घेणारच.

पण नुसता बर्नआउट असता तर बहुतेक वेळा असं दिसतं की कामापासून लांब गेलं, माहेरी चार दिवस राहिलं, की थोडा तरी जीव परत येतो. डिप्रेशन तुमच्याबरोबर घरी येतं आणि माहेरी पण येतं. अडीचची जाग, जेवण नको होणं, मुलाच्या चित्राकडे न बघवणं, आणि ते शेवटचं वाक्य. ही यादी दवाखान्याच्या दारातून बाहेर पडून तुमच्या फ्रिजवर पोचलेली आहे. म्हणून मी म्हणेन डॉक्टरांना दाखवा, वाट बघू नका. ग्लोव्हच्या गाठीचं त्यांना वेगळं सांगा, कारण एखाद्या वस्तूने क्षणात तिथे परत नेलं जाणं हे धक्क्याशी संबंधित असतं, त्याचं काम वेगळ्या पद्धतीने करतात, नुसत्या गोळीवर सोडत नाहीत. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ पण बघून घ्या, भूलबाबांनी चेष्टा केली तरी 🙂 बायकांमधे ते निघतं.

आता "सकाळ होऊ नये" बद्दल. तुम्ही "एवढंच" लिहिलंय, मला ते एवढंच वाटत नाही. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी आहे, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. मीठभाकर ताईंच्या फॉर्मच्याच जातीची. बेरीज १० किंवा वर गेली की आम्ही गंभीरपणे बघतो. पण नववा प्रश्न, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का, त्याला शून्य सोडून काहीही आलं तर बेरजेकडे न बघता त्याच दिवशी बोलतो. तर मी सरळ विचारते, तसं काही मनात येतं का? उत्तर इथे नाही दिलं तरी चालेल पण घरातल्या एका माणसाला आजच द्या. कधी विचार कसं-कुठे-कशाने इथपर्यंत गेला तर रात्र असो की पहाट, कोणालातरी उठवून सरळ कॅज्युअल्टी. आणि आपण औषधांच्या ट्रॉलीजवळ काम करणारी माणसं, म्हणून एक व्यवहारी सल्ला: थोडे दिवस किल्ल्या दुसरीकडे द्या. कारण सांगायची गरज नाही, "माझ्याकडून स्टॉकची मोजणी चुकतेय, तू ठेव" म्हणा.

केसपेपरवाल्या मुलीचा प्रश्न अगदी खरा आहे, आमच्याकडेही स्टाफ ओपीडी संपल्यावर मागच्या दाराने येतो. तर शेजारच्या जिल्ह्यात जा. किंवा फोनवर, मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांपासून ते रीतसर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क स्पष्ट लिहिलाय, तुम्ही कुठे गेलात ते तुमच्या ऑफिसला कळवायचं डॉक्टरला काही कारण नाही. सुट्टीसाठी सर्टिफिकेट लागलं तर त्यावर काय लिहायचं ते आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या, ते समजून घेतात.

सुहासजी, प्राणायाम वाईट नाही हो, माझे पेशंट पण करतात. फक्त "स्ट्राँग आहात" हे वाक्य मी सोडून दिलंय. ज्याला ते म्हणतो तो पुढचं बोलायचं थांबतो, मी बघितलंय.

---

सुहास_सकारात्मक
२९ जुलै, रात्री १०:२०

मॅडम, मान्य. माझी धाकटी बहीणच लॅबमधे आहे, तिला मी वर्षभर हेच म्हणत आलोय. आता फोन करतो.

---

चहावाला_नवरा
३० जुलै, सकाळी ७:३०

मी या क्षेत्रातला नाही, बँकेत आहे, बायको पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलमधे आयसीयूला सिस्टर आहे. घरच्या माणसांसाठी दोन ओळी लिहितो कारण मी सगळं चुकीचं करून बसलेलो आहे. पहिली चूक, "सोड ना ती नोकरी, आपल्याला काय कमी आहे". मला वाटलं मी आधार देतोय, तिला ऐकू गेलं की मी जे केलं त्याची किंमत काय तर सोडून दे. चार दिवस बोलली नाही. दुसरी चूक, आल्या आल्या "कसा होता दिवस", तिच्या दिवसात त्या दिवशी तीन माणसं गेलेली असायची, ती काय सांगणार "छान"?

मग तिनेच सांगितलं की आले की पंधरा मिनिटं मला काही विचारू नकोस, चहा ठेव आणि गप बस. तेवढंच करतो. डबा मी भरतो, पीठ मळायला यूट्यूबवर शिकलो, पोळ्या अजून भारताच्या नकाशासारख्या. रात्री स्कूटरवर एक चक्कर, कुठे जायचं नसतं, मागे बसून ती कधी बोलते कधी नाही. समोरासमोर बसून जे बोलायची नाही ते पाठीमागून बोलते हे माझं निरीक्षण. एकदा सिग्नलला म्हणाली "आज एकाची दाढी करून दिली मी, मुलगी व्हिडिओ कॉलवर बघणार होती म्हणून". सिग्नल सुटला तरी मी थांबलोच होतो, मागचा हॉर्न मारून थकला.

ताई, तुमच्या मिस्टरांना हा धागा दाखवा.

---

लेस्टरची_लेक
३० जुलै, दुपारी ४:१५

इंग्लंडमधे नर्स आहे, मूळची सोलापूरची. फक्त एवढंच सांगायला आले की पैसा आणि मशीन भरपूर असलेल्या देशात पण हेच झालं. इथे गेल्या वर्षी दहा आठवडे दर गुरुवारी रात्री आठला दारात उभं राहून टाळ्या वाजवायचे आणि या मार्चमधे पगारवाढीचा प्रस्ताव आला एक टक्क्याचा, आता आरडाओरडा झाल्यावर तीन टक्के म्हणतायत. आमच्याकडे काही हॉस्पिटलांनी वॉबल रूम म्हणून खोल्या केल्या, म्हणजे एक खुर्ची, टिश्यूचा डबा, चहाची किटली, पाय लटपटले की जाऊन बसायला. मी हसले होते आधी. मग एका रात्री तिथे वीस मिनिटं बसले, आणि चार्ज नर्सने माझे पेशंट बघितले. माझे पेशंट कोणीतरी बघितले हे महत्त्वाचं, खुर्ची कुठलीही चालली असती.

---

रात्रपाळी
१ ऑगस्ट, दुपारी ३:०५

सगळ्यांचे आभार, खूप वेळा वाचलं. ओपीडी मॅडम, तुमचा प्रश्न मी नवऱ्याला वाचून दाखवला आणि उत्तर त्याला दिलं. शून्य नव्हतं. तो काही बोलला नाही, उठून दार लावून आला आणि माझ्याजवळ बसला. किल्ल्या कालच ब्रदरला दिल्या, त्याने कारण विचारलंच नाही, "माझ्याकडे राहू दे दिवाळीपर्यंत" म्हणाला. मला वाटतं त्याला कळलंय. कदाचित त्याचंही काही असेल, विचारेन.

गुरुवारी शेजारच्या जिल्ह्यात जातोय, एसटीने. सासूबाईंना सांगितलंय दात दाखवायला.

---

रात्रपाळी
१६ ऑक्टोबर २०२१, सकाळी ८:४०

खूप दिवसांनी आले, दोन-तीन जणांनी मेसेज करून विचारलं होतं म्हणून. गोळी चालू आहे, अकरावा आठवडा. पहिले दहा दिवस फार वाईट गेले, भूलबाबांनी सांगितलं नसतं तर बंदच केली असती. आता पाचपर्यंत झोपते. मधेच एखादी रात्र अडीचवाली येते पण रोज नाही. दर पंधरा दिवसांनी एका मॅडमशी फोनवर बोलते, गच्चीवर जाऊन, त्या मला गाठीचं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावतात, परत परत, आधी वाटलं हा काय छळ आहे. ऑर्डर रिन्यू झाली, कोणी काही विचारलं नाही, एवढी घाबरले होते. पण पगार दोन महिन्यांचा थकलाय तो थकलेलाच आहे आणि रात्रीला अजून दोनच सिस्टर, तेव्हा सगळं छान झालं असं काही नाही.

सासूबाईंना मीच सांगितलं शेवटी, दाताचं किती दिवस चालवणार. म्हणाल्या "मग मला आधी सांगायचं ना, मी वाटीत कालवली असती".

इनचार्ज सिस्टरांना भीत भीत म्हणलं की दागिने ग्लोव्हमधे नको ठेवूया, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून खाकी पाकिटांचा गठ्ठा आणून ड्रॉवरमधे ठेवला. काही बोलल्या नाहीत. नंतर बघितलं तर रजिस्टरच्या जुन्या पानांवर एप्रिलमधे त्यांच्याच अक्षरातल्या नोंदी माझ्यापेक्षा जास्त होत्या.

मीठभाकर ताई, तुम्ही विचारलं होतं. दहाव्या दिवशी मुलगी आली, बारावीची असेल, तिच्या आईच्या भावाबरोबर. आईचं होतं, दोन वाट्या आणि काळे मणी. सही केली तिने. गाठ सुटेना, मी कात्री दिली तर म्हणाली नको, आणि दातांनी सोडवली. तेव्हा मी पुढच्या पेशंटचं सलाइन लावायला गेले, थांबले नाही तिच्यासाठी. हे मी फोनवरच्या मॅडमना सांगायला नऊ आठवडे घेतले.

---

मीठभाकर
१६ ऑक्टोबर २०२१, रात्री ८:३०

आत्ताच गिरणीवरून आले. तुमचं वाचून त्या बाईला आज पहिल्यांदा नावानं हाक मारली. वळून बघितलं. बोलली नाही, पण डबा उचलला नाही.

---

पाणपोई
११ फेब्रुवारी २०२३, रात्री ११:५२

जुना धागा वर काढतोय, माफ करा, शोधताना सापडला. मी एक्स-रे टेक्निशियन आहे. कोणी आत्ता अडीचला हे वाचत असेल तर, ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस हेल्पलाइन सुरू झालीय, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी मागच्या आठवड्यात लावला होता. पहिल्यांदा काही न बोलता ठेवला. दुसऱ्यांदा बोललो.